चिमूटभर मिश्री

डॉक्टरांनी शेवंताबाईंचा उरलेला शेवटचा दात ट्रेमध्ये ठेवला, तेव्हा त्यांच्या लेकीने, नंदिनीने, मोबाइल पुढे केला.

"पण डॉक्टर, हिरडीतून थेंबभर रक्त आलं तरी आईचा स्मार्ट ब्रश मला पुण्यात या मोबाइलवर लाल दिवा दाखवतो. एकदाच लागला होता. त्यानंतर तीन वर्षं रोज हिरवा. तो बघूनच मी कामाला जाते."

डॉक्टरांनी काळवंडलेल्या हिरड्यांकडे पाहिलं. "मावशी, मिश्री लावता ना? तंबाखूने रक्त दबतं. आत कीटण साचत गेलं, हाड झिजत गेलं. ब्रशला काय कळणार?"

"आई, मिश्री तर तू सोडली होतीस!"

शेवंताबाईंनी कापसाचा बोळा गालात सरकवला. "सोडलीच होती. पण लाल दिवा लागला आणि तू नोकरीची मुलाखत टाकून धावत आलीस. एवढ्याशा रक्तापायी तुझी नोकरी गेली गं. मग ब्रशच्या आधी चिमूटभर लावायला लागले. रक्त थांबायचं."

"तेव्हाच कीटण काढून घेतलं असतं, रोज नीट दात घासले असते, तर..." डॉक्टरांनी ट्रे बाजूला सरकवला.

पंधरा दिवसांनी, सकाळी सात वाजता, पुण्यात नंदिनीचा मोबाइल वाजला. लेक निर्धास्त कामाला जावी म्हणून आईने गावी बोडक्या हिरड्यांवरून ब्रश फिरवला होता.

दिवा हिरवा होता. खाली नेहमीचीच ओळ होती: आई बरी आहे.