मीठमोहऱ्या

बालगृहातल्या आरोग्य शिबिरात तेजल वजनकाट्यावर उभी राहिली. गेल्या खेपेला नुसती हाडं दिसणारी पोर आता अंगानं छान भरली होती. डॉक्टरबाईंनी हौसेनं सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

तेजलला रडूच फुटलं. तिनं थेट स्वयंपाकघर गाठलं आणि भाकऱ्या करणाऱ्या मावशींचा पदर धरला. "सगळे माझ्याकडंच बघत होते. आता दृष्ट लागंल. माझी दृष्ट काढा ना!"

मागोमाग आलेल्या डॉक्टरबाई वैतागल्या. "दृष्टबिष्ट काही नसतं गं. नीट जेवलीस, म्हणून वजन वाढलं."

"मग शाळेतल्या मुलींची त्यांच्या आया कशाला काढतात?"

मावशींनी मुठीत मीठमोहऱ्या घेऊन तेजलवरून ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, तशी ती डोळे पुसत हसली.

बघतात तर दारात सगळ्या पोरींची रांग. पुढची किडकिडीत पोर चाचरत म्हणाली, "माझं वजन वाढलं नाही. तरी माझी काढाल?"

डॉक्टरबाईंनी मिठाच्या बरणीत हात घातला.

"ये. तुझी तर मीच काढते."