पीचची बरणी

बाँब पडल्यापासून लुएला आणि ऑर्व्हिल परसातल्या जमिनीखालच्या बंकरमध्ये राहत होते. बाँब पडला हे ऑर्व्हिलनेच तिला सांगितलं होतं, आणि लोखंडी दाराची किल्लीही त्याच्याच गळ्यात असायची.

आज तो तोंडाला गॅसचा मुखवटा बांधून वर गेला, आणि राखेने माखलेली पीचच्या फोडींची बरणी घेऊन खाली आला.

"शेजारच्या फर्नच्या तळघरात मिळाली. मागच्या उन्हाळ्यातली असणार."

"आणि फर्न?"

"किती वेळा विचारशील? अख्ख्या नेब्रास्कात आता तू आणि मी. भांडण सोडवायलासुद्धा कुणी उरलं नाही, बाईसाहेब."

लुएलाने बरणी पुसून टेबलावर ठेवली. तिला आईचं स्वयंपाकघर आठवलं. दर ऑगस्टमध्ये आई उकळत्या पाण्यातून भरलेल्या बरण्या काढून ओट्यावर मांडायची. त्या निवत आल्या की एकेक झाकण आत ओढलं जाऊन टक्कन वाजायचं. ज्या दिवशी बरणी भरली त्याच दिवशी, आणि तेही एकदाच. मग ती वर्षभर मुकी. "बोलली बघ," आई म्हणायची, "आता काळजी नाही."

"कसला विचार चाललाय?" दाराला कुलूप घालत ऑर्व्हिलने विचारलं.

"काही नाही रे. फर्नच्या हाताला चव होती."

 

तेवढ्यात टेबलावरच्या बरणीचं झाकण टक्कन वाजलं, आणि ते ऑर्व्हिलला ऐकू जाऊ नये म्हणून लुएला मोठ्याने खोकली.