मूठभर काळे तीळ

"आत्याबाई, ह्या दुसऱ्या पुडीत काय?"

मंजुषानं विचारलं आणि पुडी उघडून बघितलीसुद्धा. काळे तीळ. मूठभर.

सासूला तिनं उस्मानपुऱ्याच्या दुकानातून पांढरे तीळ आणायला सांगितलं होतं. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशनचे शेक घेऊन तिच्या नवऱ्याचा, कडूबाचा, घसा आतून पार सोलून निघाला होता. भाकरीचं सोडाच, वरणसुद्धा खाली उतरेना. डॉक्टर म्हणाले, तिळाचं लोणी करा, पातळ, चमच्यानं भरवा. पोटात काही गेलं तर पुढचे शेक देता येतील, नाही तर थांबवावं लागेल.

वच्छलाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "असू दे घरात. ऐन वेळंला दुकान बंद असतंय."

मंजुषाचं डोकंच फिरलं. ऐन वेळ! नवरा आतल्या खोलीत जिता, आणि ही बाई त्याच्या दहाव्याची तयारी करून आली. सख्खी आई!

"जित्या माणसाचं असं आणतंय का कुणी?" असं म्हणून तिनं काळे तीळही कढईत ओतले. म्हातारी "अगं, अगं" करेपर्यंत ते तडतडायला लागले.

मग मिक्सर. आधी नुसता कोरडा भुगा. चटणीच्या सवयीनं मंजुषाचा हात पाण्याच्या तांब्याकडं गेला, तो वच्छलाबाईनं धरला.

"पाणी नको, नासंल. तेल सुटंस्तोवर दम धर."

मिक्सर तापला. थांबवला, कडेचं खरवडलं, पुन्हा फिरवला. शेवटी सुटलं एकदाचं तेल. लोणी झालं, पण राखाडी.

वाटी वच्छलाबाईनंच उचलली. कडूबा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं वाटीतला रंग बघितला, मग आईकडं बघितलं. स्वयंपाकघर काय लांब होतं? सगळं ऐकलं होतं त्यानं.

"आये," आवाज घासत बाहेर आला, "माझ्या दहाव्याचे तीळ मलाच चारायलीस व्हय?"

आणि हसला. हसत हसतच त्यानं आ केला. घास घशाशी अडला, डोळ्यांतून पाणी आलं, मग कंठ हलला.

"उतरला!" मंजुषा ओरडली. "आत्याबाई, उतरला! भरवा ना आणखी!"

वच्छलाबाईनं चमचा भरला. हात काही वर येईना.