आठवडाभराचं मौन

"ह्या आवाजाच्या पट्ट्या," डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि डावीवर हा फुगवटा. दिसतोय?"

नाकातून घातलेल्या बारीक नळीने टिपलेलं चित्र होतं ते. तिने नीट पाहिलं. नवऱ्याचा गळा आतून असा गुलाबी आणि ओला असेल, असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीत नवरा हनुवटी पुसत बसला होता. फवारलेल्या औषधाने त्याचा घसा बधिर झाला होता, आणि खरं सांगायचं तर तिचं डोकंही तसंच झालं होतं.

नवरा घाऊक फळबाजारात लिलाव पुकारायचा. त्याने भाव पुकारला की तीन गल्ल्यांपलीकडचा हमाल मान वर करायचा. घरी मात्र मौनीबाबा. सगळे शब्द बाजारातच विकून येतो, असं शेजारीपाजारी म्हणायचे, आणि तीही हसून वेळ मारून न्यायची.

"आवाज बसून बरेच महिने झालेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तीन आठवड्यांत सुटला नाही तेव्हाच दाखवायला हवं होतं. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

तिच्या लक्षात आलं होतं. व्यापाऱ्यांशी फोनवर बोलताना त्याचा आवाज फाटायचा, सकाळी बाथरूममध्ये तो खाकरत राहायचा. ती ऐकायची आणि भांडी विसळत राहायची. शेवटी तिने थोरल्या मुलीला फोन केला, बाबांचा आवाज ऐक जरा म्हणाली. थोरलीने बापाला धारेवर धरलं, तेव्हा कुठे तो इथे आला.

"कॅन्सर असेल का?" तिने विचारलं.

"वाटत नाही. पण वाटण्यावर जायचं नाही. भूल देऊन गाठ काढू आणि तपासणीला पाठवू. आठवड्याने रिपोर्ट येईल." डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "पुढचं तुमच्या हातात आहे. गाठ काढली की आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने उलट जास्त ताण पडतो. खाकरायचं नाही. पाणी घोटघोट, तिखट बंद, जेवल्याजेवल्या आडवं व्हायचं नाही. ओल्या जखमेवर बोलले, तर आवाज कायमचा घोगरा राहील. मग लिलाव विसरा."

"नाही बोलणार ते."

"सगळ्या बायका असंच म्हणतात. आणि दोन दिवसांनी स्वतःच विचारतात, अहो, चहा टाकू का?"

नवऱ्याने पाण्याच्या बाटलीला हात घातला. बधिरपणा उतरेपर्यंत काही प्यायचं नाही, ठसका लागेल, असं नर्सने बजावलं होतं. तिने बाटली त्याच्या हातातून काढून घेतली आणि पिशवीत ठेवली.

गाठ निघाली. घरी आल्यावर थोरलीने धाडलेली नातवाची पाटी आणि खडू जेवणाच्या टेबलावर आले. पहिल्याच जेवणाला नवऱ्याने पाटी ओढली, काहीतरी लिहिलं आणि तिच्यासमोर सरकवली.

'भात मऊ आहे. गिळताना दुखलं नाही.'

ती वाचत उभीच राहिली. हात ओले होते, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. मग खडू घेऊन तिने खाली लिहिलं, 'अजून वाढू?'

शेजारीण विचारपूस करायला आली आणि हसत सुटली. "अहो, मौन त्यांना सांगितलंय. तुम्ही कशाला लिहिताय?"

"सोबत म्हणून," ती म्हणाली.

नवरा बरंच लिहायचा. बाजारात नवा पहारेकरी उभ्याउभ्या झोपतो. गुडघा पुन्हा धरलाय. खिडकीची कडी बसवायला हवी. एका दुपारी त्याने लिहिलं, 'रिपोर्ट वाईट आला तर?' 'बघू,' तिने लिहिलं. त्याने खाली लिहिलं, 'भीती वाटते.' तिने लिहिलं, 'मलाही.' त्या दिवशी पाटी पुसायला तिचा हात होईना.

पुन्हा दाखवायचा दिवस उजाडूच नये, असं तिला वाटत होतं. रिपोर्ट यायचा म्हटल्यावर कुणालाही वाटेल.

"साधी गाठ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आवाजावर ताण पडून आलेली. कॅन्सर वगैरे काही नाही."

तिने मोठा श्वास सोडला. देवच पावला म्हणायचं. तरी छातीवर काहीतरी होतं ते जिथल्या तिथेच राहिलं.

नळी घालून पुन्हा पाहणं झालं. डॉक्टरबाई चित्राकडे बघतच राहिल्या. "जखम इतकी सुरेख भरलेली मी क्वचित बघते. खरंच एक शब्द नाही बोलले?"

"नाही. नातवाच्या पाटीवर लिहायचे."

"कमाल आहे तुमची. आता मौन संपलं. रोज थोडं थोडं, साध्या आवाजात, घरच्या माणसाशी बोलायचं. ओरडायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. वापरलाच नाही तर आवाज मोकळा होणार नाही. महिन्याने परत दाखवा, आणि पाटी नातवाला देऊन टाका." त्या नवऱ्याकडे वळल्या. "चला, इथेच सुरुवात करा. बायकोला एक वाक्य म्हणा."

नवरा डॉक्टरबाईंकडेच बघत होता.

"हिला सांगा," आवाज बारीक होता, पण स्वच्छ, "पाटी राहू दे म्हणावं."

डॉक्टरबाईंना हसू आलं. "मी कशाला? शेजारीच तर बसल्यात. तुम्हीच सांगा की."

"ते नाही सांगणार, डॉक्टर," ती म्हणाली. "धाकटीच्या लग्नापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही."