तीट

"अगं, फ्लोरेन्समध्ये कुणाची नजर लागणार आहे तिला?" नवरा हसला. काजळाची डबी हॉटेलवरच राहिली होती. बाबागाडी ढकलत मी गाईडबाईंच्या घोळक्यामागून चालले होते, पण लक्ष सगळं छकुलीच्या तीट नसलेल्या गालाकडे होतं.

जुन्या अनाथाश्रमापाशी बाई थांबल्या. "पाचशे वर्षांपूर्वी आया या खिडकीच्या गजांतून तान्ही बाळं आत सोडून जायच्या. परत येऊ म्हणायच्या. फार थोड्या आल्या."

मी मान वर करून कमानी बघत होते. खाली पाहिलं, तर छकुली त्या बंद खिडकीकडे दोन्ही हात पसरून खुदखुदत होती, कुणी ओळखीचं घ्यायला आल्यासारखी. मी झटकन गाडी वळवली.

चौकात नवरा म्हणाला, "सापडली वाटतं डबी!"

तिच्या डाव्या गालावर, मी रोज लावते त्याच जागी, काळी तीट होती. पुसून बघितली, तर बोटाला विझलेल्या मेणबत्तीचा वास आला.

"तू लावलीस?"

"मी कशाला लावू? तीट आईनं लावायची असते ना?"

मी तिला उचलून घट्ट धरलं. माझ्या खांद्यावरून मागे, खिडकीच्या दिशेनं हात पसरत छकुली आयुष्यातला पहिला शब्द बोलली.

"आई."