कोल्हा डाकूची माफी

"चुकलं माझं, चिंगी. माफ कर मले," काचेपलीकडून शेखर सर म्हणाले.

समोरच्या पडद्यावर काऊबॉय टोपी घातलेला कोल्हा डाकू गुडघ्यांवर बसला होता. त्याच्यापुढे कमरेला पिस्तूल लावलेली कोंबडी उभी होती, चिंगी शेरीफ. कोल्ह्याचं तोंड दोन सेकंद आणि सहा फ्रेम हललं, मग मिटलं.

वर्षालीने बोलायचं बटण दाबलं. "'माझं' नाही सर, 'माह्यं'. तुमचा कोल्हा पुण्याचा वाटतोय. परत घेऊ."

हा सातवा टेक होता.

मुलांच्या एका कार्टून मालिकेचा हा खास भाग. एरवी शेतावर नांदणारे प्राणी या भागापुरते घोड्यांवर बसून वाळवंटात गेले होते. ऊन आणि धूळ बघून चॅनेलवाल्यांनी ठरवलं की इथे वऱ्हाडी बोलीच शोभेल. म्हणून डबिंगचं काम अमरावतीला आलं, वर्षालीच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, आत नांदगाव पेठेच्या कापडगिरण्यांतल्या चिंध्या. बाहेर मे महिन्याची दुपार. टेक चालू असताना कूलर बंद, पंखाही बंद, कारण माईकला सगळंच ऐकू येतं. काचेला आतून थर्मामीटर लावलेला होता. पहिल्या टेकला पारा छत्तीसवर होता. आता साडेअडतीस.

"मॅडम, दोन मिनिटं कूलर लावू का?" रेकॉर्डिंग बघणाऱ्या अनुपने हळूच विचारलं. "घामानं भिजून राहिले ते."

"नको. लय तुटते."

"बरा होता ना पन हा टेक?"

"बरा नको मला."

सरांनी टॉवेलने मान पुसली. "मी मूळचा पातूरचा, मॅडम. लहानपणी घरात हेच बोलायचो. रेडिओसाठी घासून घासून काढून टाकलं."

"मग परत येऊ द्या."

सकाळी आल्यावर सरांनी तिला ओळखलं नव्हतं. छान केलाय स्टुडिओ, म्हणाले होते. नऊ वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका खाजगी रेडिओ केंद्रात नुकतीच बी.एस्सी. झालेली एक मुलगी आवाजाच्या चाचणीला गेली, तेव्हा काचेच्या या बाजूला ते होते. तिने कापसाच्या भावाची बातमी वाचली. त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी सरांचा प्रश्न होता आणि त्यावर चार माणसांचं हसणं. तिसऱ्या दिवशी ती क्लिप अख्ख्या अकोल्याच्या फोनवर होती. जठारपेठेत एका गिऱ्हाइकाने भाजीच्या गाड्यापाशी उभं राहून ती वाजवली. वर्षालीच्या बापाने भेंडी तोलता तोलता ती पूर्ण ऐकली, आणि गिऱ्हाइकाला मूठभर कोथिंबीर वर दिली.

चौदाव्या टेकनंतर सर स्टुलावर बसले. पारा चाळीसवर.

"तीस वर्षं माईकसमोर काढलीत मी, मॅडम. नेमकं काय पाहिजे तुम्हाला?"

"डाकूला खरंच वाईट वाटलेलं पाहिजे. त्याने चिंगीचं काय केलं, ते आठवा."

"काय केलं? स्क्रिप्टमध्ये तर तसं काही नाही."

वर्षालीने बटण दाबून धरलं. मग या माईकवर तिने कधी वापरली नव्हती ती बोली वापरली.

"चिंगी बातम्या वाचाले गेली होती, सर. कापसाच्या भावाच्या. अन् डाकूनं तिले इचारलं, बाई, बातम्या वाचून राहिली का भाजी इकून राहिली? मंग हासला. मंग तिचा आवाज सगळ्या गावाले वाटला."

अनुपने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. काचेपलीकडे सरांचा टॉवेल मानेवरच थांबला. ते काचेच्या जवळ आले, डोळे बारीक करून बघत राहिले. मग हळूहळू माईकपाशी परत गेले आणि त्यांनी हेडफोन लावला.

"टेक पंधरा," अनुप म्हणाला.

कोल्हा गुडघ्यांवर बसला.

"चुकलं माह्यं, पोरी," सर म्हणाले. आवाज खाली उतरला होता, थेट पातूरचा. "मी हासलो. मीच धाडली ते क्लिप, दुसऱ्या कोनी नाई. मले मंग समजलं, तुहा बाप जठारपेठेत गाडा लावते. दोनदा आलो मी त्याच्याकडं. दोन्ही येळा त्यानं मले इचारलं, काय देऊ साहेब? दोन्ही येळा मी वांगे घेऊन घरी गेलो. बोलनं झालंच नाई माह्याच्यानं. माफ कर मले."

पडद्यावर चिंगीने पाठ फिरवली होती. ती घोड्यावर चढली, घोडा डोंगराकडे निघाला, धूळ उडाली आणि खाली बसली. सर अजून बोलतच होते. मग थांबले. घाम नाकावरून माईकच्या जाळीवर पडला, तो टप्प आवाजसुद्धा रेकॉर्ड झाला.

अनुपने कानावरचा हेडफोन काढला. "मॅडम," तो म्हणाला, "हे ठेवून देऊ ना?"

वर्षालीने पाऱ्याकडे पाहिलं. एक्केचाळीस. तिने बटण दाबलं.

"ओठ जुळले नाहीत, सर. कोल्ह्याचं तोंड केव्हाच मिटलं होतं."

आणि तिने चित्र उलटं फिरवलं. डोंगराकडे गेलेला घोडा मागे मागे चालत आला, बसलेली धूळ उठली, आणि कोल्हा पुन्हा तिच्यासमोर गुडघ्यांवर येऊन बसला.