घरातला रुमाल

"कॅमेरा बंद केलाय आई, आता तरी रुमाल सोड की!" रोशनक कुरकुरली.

तेहरानच्या सिनेमांत आई तीस वर्षं झोपेच्या दृश्यातही डोकं झाकून वावरली. एकदा बट डोकावली, तर सेन्सॉरनं बाबांचा अख्खा सिनेमा अडकवला. घरी आली की मात्र आधी रुमाल खुंटीला. पण गेला महिनाभर तो घरातही उतरलाच नव्हता.

"नव्या भूमिकेची तालीम चाललीय तिची," दिग्दर्शक बाबा चहात बघत म्हणाले.

रोशनकनं मान डोलावली. आईवरचा हा पहिलाच सिनेमा तिला कसंही करून आत्ताच पुरा करायचा होता.

"चालू कर कॅमेरा," म्हणत आईनं स्वतःच रुमाल सोडला.

"हे कापू नकोस हं, जान. सेन्सॉरची हरकत केसांना ना? औषधांनी एकही ठेवला नाही. आणि नवे उगवेपर्यंत मी काही थांबत नाही."